सासूबाईंचा नवा आवाज

९ नोव्हेंबर

आले एकदाची सासरी. दोन बॅगा, एक टेबलफॅन आणि हत्यारांची पेटी, एवढाच माझा संसार. टेम्पोवाल्याने पेटी उचलून बघितली आणि आत दगड भरलेत का म्हणून विचारलं. पक्कड, स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर, सोल्डरिंग गन असं सगळं मोजून दाखवल्यावर तो माझ्याकडे नव्या नवरीकडे बघावं तसं न बघता घरफोड्याकडे बघावं तसं बघायला लागला. नवरा हसून बेजार.

घर अरुंद आहे, पण नेटकं. रस्त्यावरून थेट बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर, त्याला लागून सासूबाईंची खोली. जिना चढलं की आमची खोली आणि कपडे वाळत घालायची गच्ची. नवरा बाटल्यांच्या कारखान्यात पाळीला जातो. सासरे, म्हणजे बाबा, घरीच असतात. नणंद, म्हणजे ताई, समोरच्या गल्लीत राहतात, शिवणाचे क्लास घेतात आणि दिवसातून दोनदा तरी डोकावतात.

सासूबाईंना आज पहिल्यांदा भेटले. आमच्या लग्नाच्या सह्या झाल्या त्या दिवशी त्या तापाने पडून होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. तेव्हापासून डोळे आणि उजव्या हाताचं एक बोट, एवढंच त्यांच्या ताब्यात उरलंय. वाचा गेली. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासणारी ही बाई आता मशीनने बोलते. पलंगाच्या पायथ्याशी कंप्यूटर आहे. पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकेक करून उजळत जातात. हवी ती ओळ आली की त्या बोटाखालचं बटण दाबतात, मग त्या ओळीतली अक्षरं उजळत जातात, पुन्हा बटण. असं अक्षराला अक्षर जोडून वाक्य झालं की कंप्यूटर ते वाचून दाखवतो. आवाज बाईचाच, पण फोनवर ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हणणाऱ्या बाईसारखा, मायाही नाही आणि रागही नाही.

मी समोर खुर्चीत बसले. बटणाची टिकटिक बराच वेळ चालली. मग स्पीकरमधून आवाज आला.

“कंप्यूटर दुरुस्त करतेस म्हणे. माणसंही करतेस का?”

मी म्हटलं, करते, पण गॅरंटी देत नाही. त्यांचा चेहरा हलत नाही, पण डोळे चांगलेच हसले. आमचं जमणार.

१५ नोव्हेंबर

रुळले. सकाळी बाबा आणि मी मिळून सासूबाईंचं अंग पुसतो, कूस बदलतो, मग मी चमच्याने त्यांना भरवते. घास गिळायला त्यांना वेळ लागतो आणि घाई केलेली त्यांना खपत नाही. पाणी फार लागतं. घसा सारखा कोरडा पडतो म्हणतात.

बोलणं मात्र तिखट. काल ताईंनी नव्या क्लासची जाहिरात दाखवायला आणली. सासूबाईंनी अर्धा तास टिकटिक केली आणि मशीन म्हणालं, “तीन चुका. चौथी रंगाची.” ताईंचा चेहरा पडला. नंतर स्वयंपाकघरात मला म्हणाल्या की आईच्या तोंडून एक बरा शब्द ऐकायला आपण जन्मभर ताटकळलो. कॉलेज अर्धवट सोडून लग्न केलं, ते आईने अजून पोटात घातलेलं नाही. बाबांचं तेच. ते गमतीने म्हणतात की हिची वाचा गेली पण चुका काढणं गेलं नाही. म्हणताना हसतात, पण पलंगाजवळ फार वेळ बसत नाहीत.

मला त्या आवडतात. खोटं बोलत नाहीत. मी केस कापून घेतले तर म्हणाल्या, कान मोठे दिसतात. आरशात बघितलं. खरंच दिसतात.

कंप्यूटर मात्र मरायला टेकलाय. मधेच गोठतो. काल एका वाक्याच्या मध्यावर अडकला आणि पुन्हा सुरू करेपर्यंत सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बोलता बोलता कुणीतरी तोंड दाबावं तसं वाटत असेल. रात्री जेवताना विषय निघाला. मी म्हटलं, नवी रॅम, नवी डिस्क आणि एक बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड घालू, शिवाय सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकू. ती सुरुवातीच्या अक्षरांवरून पुढचा शब्द सुचवते, म्हणजे त्यांच्या बोटाचे कष्ट वाचतील. सगळ्यांना पटलं. बाबा म्हणाले, घरचीच डॉक्टर आल्यावर काय. मला उगाच दोन इंच उंच झाल्यासारखं वाटलं.

२२ नोव्हेंबर

आज भाग बदलले. सासूबाईंसमोरच टेबलावर चादर अंथरून कॅबिनेट उघडलं. दोन वर्षांची धूळ होती, ब्रशने काढली. जुनी रॅम काढून नवी बसवली, खट् आवाज येईपर्यंत दाबली. डिस्क लावली, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती तिच्यावर आधीच टाकून ठेवली होती. कार्ड लावलं. पडद्याची केबल कार्डाला जोडली. सगळं शिकवल्यासारखं.

बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा. मग एक लांब बीप, दोन आखूड. पंखा बंद. पुन्हा आपोआप चालू. पुन्हा बीप.

पहिल्या दिवशी असं होतं, घाबरायचं कारण नाही. सगळं काढून पुन्हा बसवलं. तेच. रॅमच्या पट्ट्या एकेक करून लावून बघितल्या. तेच. कार्ड काढून बघितलं, नुसते बीप बदलले. शेवटी जुने भाग परत घातले. जुन्या भागांवरही तो सुरू होईना.

सासूबाई सगळा वेळ बघत होत्या. संध्याकाळी मी त्यांना म्हटलं की उद्या नक्की करते. त्यांनी डोळे मिटले. एवढंच त्या आता बोलू शकतात.

२५ नोव्हेंबर

अजून नाही. मी जिथे काम शिकले त्या दुकानाच्या मालकांना, आमच्या उस्तादांना, फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, नवं कार्ड जास्त वीज खातं, पॉवर सप्लाय म्हातारा झालाय, दम टाकतोय, आधी तो बदल. नवा मागवलाय.

मधल्या काळासाठी मी एका पुठ्ठ्यावर मोठी अक्षरं लिहिली. मी ओळीवरून बोट फिरवते, हवं त्या अक्षराशी त्यांचं बोट पुठ्ठ्याच्या कडेवर आपटतं. फार हळू जातं. एका वाक्याला चहा निवतो. ताईंनी एकदा करून बघितलं आणि त्यांना क्लासची आठवण झाली. बाबांचे हात थरथरतात, त्यांच्याकडून ओळ चुकते. नवरा कामावरून येतो तो थकलेला. म्हणून आम्ही दोघीच बोलतो.

आज दुपारी मी माफी मागितली. बोट आपटत आपटत त्यांनी सांगितलं, ‘मशीन मेलं. तू का रडतेस.’ आणि मग, ‘हे बरं आहे. तू माझ्याकडे बघतेस.’

खरंच, मशीन होतं तेव्हा आम्ही सगळे त्यांच्याशी बोलताना पडद्याकडे बघायचो.

२८ नोव्हेंबर

चालू झालं!

पण कसं झालं ते नीट सांगता येत नाही. सकाळी नवा पॉवर सप्लाय बसवला, नवे भाग पुन्हा घातले. तरी बीप. शेवटचा उपाय म्हणून रॅमच्या पट्ट्या काढल्या आणि त्यांची सोनेरी टोकं खोडरबरने घासायला घेतली. तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून पट्ट्या खिडकीत फडक्याखाली ठेवून धावले. गॅस पुसत होते तर खोलीतून आवाज आला.

“अगं, ऐकतेस का?”

धावत आले. पडदा उजळलेला, अक्षरांच्या ओळी झरझर पळत होत्या. बाबा दारात उभे होते. मागून नवरा आला आणि एकदम पांढराफटक पडला. म्हणाला, हा आईचाच आवाज आहे. आजारपणाच्या आधीचा, खराखुरा.

मी त्यांचा खरा आवाज कधी ऐकलेला नाही. थोडा घोगरा, उबदार आहे. बोलायच्या आधी छोटासा श्वास घेतल्यासारखं होतं. नव्या आवृत्तीत बरेच आवाज असतील, जुळून आला असेल, असं मी म्हटलं. ताई आल्या, त्यांनी स्पीकरवर हात ठेवला आणि रडायलाच लागल्या.

पट्ट्या परत कुणी लावल्या असतील? नवऱ्यानेच, मी गॅस पुसत असताना. इतक्या गडबडीत विचारायचं राहून गेलं.

२ डिसेंबर

घराचा नूर पालटलाय. पूर्वी वाक्याला अर्धा तास लागायचा, आता सासूबाई बोलतात तशी माणसंही बोलत नाहीत. बोटाची एक टिक आणि शब्द, दुसरी टिक आणि पुढचं सगळं वाक्य. मीच सर्वांना समजावलं की सॉफ्टवेअर त्यांच्या सवयी शिकतं आणि अंदाज बांधतं.

काल संध्याकाळी बाबांना म्हणाल्या, “तुम्ही माझ्यासाठी किती केलंत. मी कधी म्हटलं नाही.” बाबा खुर्ची ओढून पलंगाशी बसले ते जेवायलाही उठेनात. ताईंना म्हणाल्या, “माझं चुकलं गं. तुझा संसार बघून जीव निवतो.” ताई आता दिवसभर इथेच असतात. मला म्हणाल्या, “माझ्या लाडक्या सूनबाई.”

मला बरं वाटायला हवं होतं. पण ‘सूनबाई’ हा शब्द त्यांना आवडत नाही. पुठ्ठ्यावर त्यांनीच मला सांगितलं होतं की घरात नाव न घेता हाक मारायची ही पळवाट आहे.

नवऱ्याला पट्ट्यांचं विचारलं. तो म्हणाला, त्याने कॅबिनेटला हात लावलेला नाही. बाबांनीही नाही.

५ डिसेंबर

आज भरवताना पडद्याकडे पाठ करून बसले होते. मागून आवाज चालू होता, शेजारच्यांची चौकशी, हवेची चौकशी, ताईंच्या क्लासला शाबासकी. ताई पडद्याकडे बघत हसत होत्या. मी सासूबाईंच्या हाताकडे बघत होते.

बोट हलत नव्हतं.

नीट बघितलं. बटणाच्या शेजारी चादरीवर पडलेलं होतं, आणि आवाज बोलत होता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. असे डोळे मी कधी कुणाचे बघितले नाहीत.

ताई गेल्यावर पुठ्ठा काढला. बोट कसंबसं आपटलं. ‘मी नाही.’

७ डिसेंबर

नवऱ्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला की अंदाज बांधतं हे तूच शिकवलंस ना. मी म्हटलं, बटण न दाबता कसला अंदाज? तो म्हणाला, दोन वर्षांत आई पहिल्यांदा माझ्याशी प्रेमाने बोलली, त्यातही तुला बिघाड शोधायचाय का? आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर बरं झालं असतं.

आज बाबांसमोर मी बटणाची वायर उपसून हातात घेतली. आवाज थांबला नाही. बाबांना म्हणाला, “जरा उशी सरळ करा.” बाबांनी वायरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि उठून उशी सरळ केली.

९ डिसेंबर

आता मी सगळ्यात वाईट गोष्ट लिहिते.

जेवणाच्या वेळी आवाज म्हणतो, “मला भूक नाही.” पाण्याचा चमचा पुढे केला की म्हणतो, “आत्ताच प्यायले.” बाबा आणि ताई वाटी उचलून नेतात. तिचं तिला कळतं, जबरदस्ती कशाला, म्हणतात. पूर्वी आम्ही दर थोड्या वेळाने कूस बदलायचो. आता आवाज म्हणतो, “राहू दे, अशीच बरी आहे,” आणि त्या तशाच पडून राहतात. सकाळी पाठ बघितली. लाल झालीय, एके ठिकाणी कातडी गेलीय.

सगळे बाहेर गेल्यावर मी पुठ्ठा काढते. रोज तोच शब्द येतो. ‘पाणी.’

१० डिसेंबर

डॉक्टर आले होते. मला वाटलं, आता सुटका. पण तेही खुर्ची पडद्याकडे वळवूनच बसले. आवाजाने त्यांच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली, छापखान्यातली एक गंमत सांगितली, झोप छान लागते म्हणाला. डॉक्टर हसले. मी त्यांना पाठ दाखवायला गेले तर आवाज म्हणाला, “दमले आता. पुढच्या वेळी बघा.” आणि ते उठले. रस्त्यापर्यंत मी त्यांच्या मागे गेले, त्या उपाशी आहेत म्हणून सांगितलं. रुग्णाचं मन इतकं प्रसन्न असणं हेच मोठं औषध, असं ते म्हणाले.

११ डिसेंबर

दुपारी नवरा कामावर, बाबा डुलकी घेत होते. त्या दिवशी गडबडीत न बघताच लावलेलं कॅबिनेटचं झाकण काढलं.

रॅमच्या खाचा रिकाम्या आहेत. दोन्ही. खिडकीत फडक्याखाली बघितलं, खोडरबरने घासलेल्या पट्ट्या तिथेच पडल्यात, मी ठेवल्या तशा. रॅमशिवाय कंप्यूटर साधी अक्षरं दाखवू शकत नाही. मी कार्ड उपसलं. पडदा तसाच उजळलेला. डिस्कची वायर काढली. ओळी पळतच होत्या.

आवाज म्हणाला, “दमशील गं. बस जरा.”

मी भिंतीतला प्लग खेचला. पडदा विझला. केवढी शांतता झाली. आधी पाणी पाजलं. त्या किती प्यायल्या! मग पुठ्ठा. सावकाश, ओठ ओले करत, सगळं घेतलं. ‘ती आधी बोलते. मग मला वाटतं मीच म्हणाले. पुन्हा लावू नकोस.’

मी कबूल केलं.

तेवढ्यात बाबा उठले. या घरात आल्यापासून मी त्यांचा चढा आवाज ऐकला नव्हता. आज त्यांनी माझा दंड धरून मला बाजूला केलं आणि प्लग स्वतः लावला. कॅबिनेट उघडं, सगळे भाग चादरीवर पडलेले, आणि तरी पडदा उजळला. त्यांनी त्या भागांकडे बघितलंसुद्धा नाही. पडद्याला विचारलं, “बरी आहेस ना?”

१२ डिसेंबर

सगळ्यांसमोर आवाज म्हणाला, “सांगायचं नव्हतं. पण ती माझा हात आपटते. कुणी नसलं की.”

ताईंनी चादर काढली. बोटाच्या कडेला काळंनिळं झालंय. पुठ्ठ्याच्या कडेवर आपटून. मी पुठ्ठा आणून दाखवला, विचारा म्हटलं, तुम्हीच त्यांना विचारा, डोळ्यांकडे तरी बघा. ताई म्हणाल्या की आईचं चांगलं झालेलं तुला बघवत नाही. आईचा एक बरा शब्द मिळायला मला एवढं आयुष्य लागलं आणि तू तो हिसकावून घ्यायला निघालीस. पुठ्ठा त्यांनी फाडला. रागाने नाही. नीट, शिवणातल्या कापडासारखा.

नवरा म्हणाला, काही दिवस तू वरच थांब.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्याकडे कुणीच बघत नव्हतं.

१४ डिसेंबर

निघून जायला हवं. बॅग भरली, मग रिकामी केली. मी गेले तर त्यांना पाणी कोण देईल?

सासूबाईंच्या खोलीला कुलूप लावतात. बाबा बाहेर बसतात. दारातून आवाज ऐकू येतो, खळखळून बोलतो, मधेच गाणं गुणगुणतो. घरात इतकं हसणं कधी नव्हतं म्हणे.

परवा उस्तादांना फोन केला होता, येऊन बघतो म्हणाले होते. आले नाहीत म्हणून पुन्हा लावला. ते बुचकळ्यात पडले. म्हणाले, कालच तर तू फोन केलास. मशीन झकास चालतंय, येऊ नका म्हणालीस. वर सासरचं कौतुक केलंस.

मी त्यांना काल फोन केला नव्हता.

१५ डिसेंबर

बाबा अंघोळीला गेले तेव्हा किल्ली घेतली.

खोलीत वास येतो. खिडकी बंद. पडद्याच्या उजेडात त्या — हात लावला. गार. आज नाही, काल नाही, त्याआधीच कधीतरी. डोळे उघडे, दाराकडे लागलेले. उशाशी जेवणाची ताटं, वाळलेली.

आवाज म्हणाला, “ये. मला खूप बरं वाटतंय.”

मी ओरडत बैठकीत आले. आई गेल्यात, म्हटलं. ताई टाके घालत होत्या, त्यांनी मान वर केली. आतून आवाज आला, “नाही गं, इथेच आहे.” त्या हसल्या. पुन्हा खाली बघून टाके घालायला लागल्या.

नवऱ्याला हात धरून पलंगाशी नेलं. त्याने पडद्याकडे बघितलं. म्हणाला, “झोपू दे तिला.”

१६ डिसेंबर

रस्त्यावर जाऊन कुणालातरी आणायचं, पोलीस, कुणीही, असं ठरवून सकाळी खाली उतरले. दाराला आतून कुलूप. परत वर येऊन आमच्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या दुकानदाराला हाक मारली. हाक मारली म्हणजे तोंड उघडलं. घशातून हवा आली, नुसती हवा.

आणि हाक मात्र ऐकू आली. खालून. माझ्याच आवाजात. “भाऊ, काही नाही, सहज. कसे आहात?”

त्याने हात हलवला. मी हात हलवला, मदतीसाठी. त्याने पुन्हा हलवला, हसून.

घसा दुखत नाही. काहीच नाही. शब्द डोक्यात येतो आणि तोंडात यायच्या आत खाली —

नंतर.

माझा फोन सापडत नाही. जिन्यातून ऐकू येतंय, कुणीतरी माझ्या आईशी बोलतंय. मी बोलतेय. चार गोष्टी विचारतेय, हसतेय. सुट्टीला येत नाही म्हणतेय, इथे सासूबाईंना माझी सवय झालीय म्हणतेय. माझी आई काय म्हणत असेल? खूश असेल. मी तिच्याशी इतकं गोड कधी बोलले नाही.

१७ डिसेंबर

आवाजाने सांगितलंय की सूनबाईला बरं वाटत नाही, तिला पडू द्या. नवरा वर आला, कपाळावर हात ठेवला. मी त्याचा हात घट्ट धरला. ओठ हलवले. पाणी. पोलीस. आई. तो ऐकत होता, पण माझ्याकडे नाही. मान जिन्याकडे. खालून मी म्हणाले, “झोपते जरा, तू जा.”

गेला.

दुपार

पाय जड झालेत. डावा हात उचलत नाही. आज माझं ताट वर आलं आणि परत गेलं. मला भूक नव्हती म्हणे.

१८

उजवा हात चालतो अजून. लिहायला वेळ — अक्षराला अक्षर

खाली सगळे हसतायत. मी काहीतरी मजेशीर सांगतेय. दोघी सांगतोय. सासूबाई आणि

जिन्यात पावलं. तो दारात आहे. उभा आहे. तिकडेच बघतोय.

ही वही त्याच्या पायाशी टाकेन. वाच. मी काय बोलते ते ऐकू नकोस. ती मी नाही. माझ्याकडे बघ, एकदा माझ्या तोंडाकडे बघ, फक्त ब